गरम पाणी आधी गाडीला

बाबा, गाडीला गरम पाणी आणि लेकरांना गार, हे कोणत्या घरात चालतं ते एकदा मला सांगा. आईचं तर मी बोलतच नाही. ती अंधारात उठायची, तुराट्या मोडून चूल पेटवायची, फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायची, आणि मोठ्या तपेल्यातलं पाणी वाफाळलं की तुम्ही दोन फडकी घेऊन ते उचलायचे आणि सरळ बाहेर, तुम्ही चालवायचे त्या मिलच्या ट्रककडं. आम्ही दोघं भावंडं मोरीत उघडी, दात वाजवत उभी. आई म्हणायची, लेकरांना एक एक तांब्या तरी ठेवा. तुम्ही मागं न बघता म्हणायचे, "गार पाण्यानं लेकरं मरत न्हाईत." मग ती दुसरं तपेलं चढवायची, पण तोवर उशीर झालेला असायचा आणि आम्ही गार पाण्याचे दोन तांबे ओतून घेऊन पळायचो. सगळ्या वसमतमध्ये असे तुम्ही एकटेच होते. लोक हसायचे. चहाच्या टपरीवरचा म्हातारा तर रोज ओरडायचा, "काय फौजी, बर्फ पडला का रात्री?" तुम्ही त्याला कधी उत्तर दिलं नाही. आम्हाला पण दिलं नाही. उत्तर न देण्याची तुम्हाला सवयच होती, आणि ती सवय आता माझ्या गळ्याशी आली आहे, म्हणून हे लिहायला बसले.

सकाळी भरायचं आणि संध्याकाळी सांडायचं. मिलमधून ट्रक घेऊन आले की तुम्ही चप्पल काढून गाडीखाली घुसायचे, मी बॅटरी धरायची, तुम्ही रेडिएटरच्या बुडाची तोटी खोलायचे आणि पाणी धो धो मातीवर. ते कोमट असायचं. मी त्यात पाय घालून उभी राहायची, थंडीच्या दिवसांत माझ्या पायांना मिळालेली तेवढीच ऊब. तोटी मग रात्रभर उघडीच ठेवायची, थेंब राहू द्यायचा नाही. एका संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, काहून सांडता? उद्या भरायचंच हाय ना?" आठ-नऊ वर्षांची असेन. तुम्ही गाडीखालून बाहेर आले, हात पुसला आणि मला एक ठेवून दिली. बॅटरी पडली, काच फुटली. "काहून न्हाई इचारायचं. सांगितलं ते करायचं." मग तुम्ही खाली बसून अंधारात काचेचे तुकडे वेचत राहिले, माझ्या पायाला लागू नयेत म्हणून. मला अजून कळत नाही, त्या संध्याकाळचं काय लक्षात ठेवायचं, चापट का तुकडे.

तुम्ही गेल्याला वीसेक वर्षं होतील. मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगते, मला लांबण लावायला येत नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला कोणी ऑफिसात बसवत नाही. नवऱ्याच्या टायरच्या दुकानामागं डिझेलच्या गाड्या लागायच्या, तिथं मी आधी नटबोल्टचे पाने पुसले, मग हातात धरले, मग गिऱ्हाईक मलाच हाक मारायला लागलं. आता हळदीच्या एका मोठ्या गोदामात तीन फोर्कलिफ्ट आहेत, पुढं दोन लोखंडी काटे असतात आणि पोत्यांची थप्पी उचलून ट्रकात ठेवतात त्या गाड्या. त्यांची सगळी देखभाल माझ्याकडं. तुमचा पोरगा, माझा भाऊ, त्यातली एक चालवतो. दुसरी एक मुसलमान भाई चालवतात, आपल्याच गल्लीच्या मागच्या अंगाला राहतात, त्यांच्या अब्बांकडून तुम्ही गाद्या भरून घ्यायचे. तिसरीवर ज्याला वेळ असेल तो.

या वर्षी थंडी लवकर पडली आणि जोरात पडली. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावरून वारं यावं तसं गोदामाच्या दारातून आत यायचं. सकाळचे ट्रक नऊऐवजी उजाडतानाच लागायला लागले, आणि गाड्या काही उठेनात. सेल्फ मारला की नुसतं घर्रर, घर्रर, मग पांढरा धूर, मग बॅटरी झोपली. ड्रायव्हर लोक तेलाचा बोळा पेटवून इंजिनाखाली धरायला लागले. बारदानाच्या ढिगाशेजारी. मी एकाच्या हातातला बोळा पायाखाली विझवला आणि त्याला म्हणाले, "तुझ्या घरात पेटव आधी, मग इथं." त्या आठवड्यात मी तिन्ही गाड्या थंडीसाठी बांधून काढल्या. बॅटऱ्या उतरवून चार्ज केल्या, टोकांवरचा पांढरा खार घासून काढला. इंजिन तापवायचे हीटर प्लग एक एक काढून बघितले, मेलेले बदलले. डिझेलच्या फिल्टरच्या तळाला बसलेलं पाणी सोडून दिलं. तेल पातळ जातीचं घातलं. हवेचा फिल्टर झटकला तर इतकी हळद निघाली की माझे केस संध्याकाळपर्यंत पिवळे. आणि रेडिएटरमधलं साधं पाणी काढून हिरवं कूलंट भरलं. ते गंजू देत नाही, लवकर उकळत नाही, आणि गोठायचं म्हटलं तर इथं काय पण काश्मिरात सुद्धा सहजी गोठत नाही. भरून झाल्यावर मी सगळ्या ड्रायव्हरांना उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून या झाकणाला कुणी हात लावायचा न्हाई. गरम असताना उघडलं तर तोंड भाजंल. काय बघायचं ते मी बघीन." भाईंनी मान हलवली. तुमच्या पोरानं पण हलवली.

दुसऱ्या दिवसापासून गाड्या पहिल्या सेल्फला उठायला लागल्या. मॅनेजर खूश. हमाल बाया म्हणायच्या, आक्काच्या हाताला गुण आहे. मी पण मनात म्हणाले, आहेच. असे पंधराएक दिवस गेले असतील.

मग हा मंगळवार. माझा भाऊ सोमवारी संध्याकाळी काम संपल्यावर हट्ट्याला गेला होता, त्याच्या सासरवाडीला मयत झाली होती. सकाळच्या पहिल्या एसटीनं येतो म्हणाला. मी गोदामात पोचले तेव्हा दिवस वर येत होता आणि भाईंनी त्यांची गाडी आधीच सुरू केली होती, कारण नांदेडचा ट्रक ठरल्यापेक्षा आधी येऊन लागला होता. त्या दिवशी गाडी लगेच उठली नाही, बऱ्याच वेळा सेल्फ मारावा लागला, असं हमाल नंतर म्हणाले. उठली तशी त्यांनी कामाला लावली. मी दारातच होते. समोर फलाटावर चढायचा उतार आहे, भाई पोत्यांची थप्पी घेऊन त्याच्यावर चढत होते, आणि इंजिनाचा आवाज बदलला. तुम्हाला सांगायची गरज नाही तो आवाज कसा असतो. कोरड्या घशासारखा. मी ओरडले, "बंद करा, भाई, बंद करा." त्यांच्या कानांवर टोपी होती. एक कर्र झालं आणि इंजिन जागेवर जाम. गाडी क्षणभर थांबली आणि मग मागं सरकायला लागली. भाईंनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, पण एवढं वजन, आणि उतारावर हळद सांडलेली. खाली दोन बाया बारदान घड्या करत होत्या. भाईंनी स्टिअरिंग कसंबसं वळवून गाडी भिंतीकडं नेली आणि उडी मारली. गाडी भिंतीला लागली, पोती फुटली. बायांना काही झालं नाही. भाई मात्र उठेनात. खुबा मोडला.

त्यांना जीपमध्ये घालून नांदेडला पाठवल्यावर मी गाडीखाली गेले. चटके बसत होते, तरी गेले. तोटी उघडी होती. रेडिएटरमध्ये थेंब नव्हता. तापमानाचा काटा पण भाईंना काही दाखवणार नव्हता, त्या काट्याला पाणी लागतं, पाणी नसलं की तो खालीच पडून राहतो. माझी दुसरी गाडी तिथंच उभी होती. तिच्याखाली गेले. तोटी उघडी. तिसरीची पण उघडी. मग मी वॉचमनच्या खोपटात गेले. त्याच्या चुलीशेजारी तीन डबे, झाकण लावलेले, आणि तिन्हींत माझं हिरवं कूलंट. वॉचमन म्हणाला, "आधी साधं पाणी होतं तवा तुमचा भाऊ सांडून द्यायचा, सकाळी नळाचं गार भरायचा. आता हे रोज सांच्याला काढून आणतो, सकाळी गरम करून भरतो. मला वाटलं तुमीच सांगितलंय."

बाबा, तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? भाऊ नाही आठवला. तुमची पाठ आठवली, तपेलं घेऊन जाणारी.

भाऊ एसटीतून उतरून पळतच आला. गेटवरच त्याला कुणीतरी सांगितलं असणार. मी त्याला ट्रकच्या मागं नेलं.

"तू काढत होता पाणी?"

"व्हय."

"मी काय सांगितलं होतं?"

"झाकणाला हात लावू नका म्हणली. मी खालून काढलं, वरून न्हाई."

असा राग आला मला. म्हटलं, "वकील हायेस का तू? भाईला सांगायचं तरी. फोन करायचा."

"काय सांगू? फोन करायचा तर समदंच सांगावं लागंल ना आक्का. मला वाटलं गाडी बराबर टायमाला पोचंल. ती हट्ट्याच्या फाट्यावर पंक्चर झाली." तो ट्रकच्या चाकाशी खाली बसला. "मी येऊन राहिलो, येऊन राहिलो, आन् बसमध्ये बसून नुस्ता घड्याळ बघून राहिलो."

"काहून पण? काहून काढायचं पाणी? इथं कधी गोठलंय का?"

आणि मग त्यानं सांगितलं. जे तुम्ही मला कधी सांगितलं नाही ते, ट्रकच्या मागं, डिझेलच्या वासात, माझ्या धाकट्या भावानं मला सांगितलं. तुम्ही वर लेहकडं फौजेची गाडी चालवायचे तेव्हाची गोष्ट. एका रात्री तुम्ही दमलेले होते आणि पाणी न काढता झोपले. सकाळी पाण्याचा बर्फ होऊन इंजिनाचा ब्लॉक उभा फुटलेला. तुमच्याच तुकडीतला एक जण रात्रीपासून तापानं फणफणत होता, त्याला खाली दवाखान्यात न्यायचा होता आणि तिथं दुसरी गाडी नव्हती. त्याला खांद्यावर घेऊन निघाले, तो वाटेतच गेला. तुम्हाला कुणी काही शिक्षा केली नाही. तुम्ही स्वतःच फौज सोडून घरी आले. शेवटच्या आजारपणात तुम्ही हे त्याला सांगितलं, त्याचा हात धरून शब्द घेतला, की हिवाळ्यात रात्री कोणत्याही गाडीत पाणी ठेवणार नाहीस, आणि काहून ते कुणाला सांगणार नाहीस. पोरगा तेव्हा विशीत होता. तो त्या शब्दावर इतकी वर्षं गाड्यांखाली घुसतोय.

"मला काहून न्हाई सांगितलं त्यांनी?" मी विचारलं. एवढी सगळी आग लागलेली आणि माझ्या तोंडून हे निघालं.

तो खाली बघत म्हणाला, "तू बोलून बसशील म्हणले."

बरोबर आहे. मी बोलून बसते. पण तुम्ही हे कधी मोजलंच नाही बाबा, की बोलून बसलेलं माणूस जागचं उठतं तरी. गप्प बसलेलं तिथंच बसून राहतं आणि दुसऱ्याच्या अंगावर गाडी येते.

बुधवारी मॅनेजरनं मला बोलावलं. पोरगा तरुण आहे, वाईट नाही, पण त्याला वरून विचारणारे आहेत. म्हणाला, "मावशी, सरळ बोलू. मालक येऊन स्वतः बघणार आहेत. मला त्यांना एकच गोष्ट सांगायची आहे, गाडीत पाणी का नव्हतं. ड्रायव्हरनं पाणी न बघता गाडी काढली असेल तर चूक त्याची. मग नोकरी पण जाते आणि दवाखान्याचं पण त्याचं त्यानं बघायचं."

मी म्हटलं, "झाकणाला हात लावू नका हे मीच सांगितलं होतं."

"ते ठीक. पण तोटी तुम्ही उघडली का?"

"न्हाई."

"मग कुणी उघडली? भाईंनी?"

मी गप्प बसले. मी. गोदामातल्या कोणालाही विचारा, मी गप्प बसल्याचं त्यांनी पाहिलेलं नाही. मॅनेजर पण जरा चकित झाला. म्हणाला, "नाव सांगितलं नाही तर जो गाडीवर होता त्याचंच नाव जाणार, मावशी. माझा इलाज नाही."

भावाकडं गेले. त्याला सांगितलं, तू स्वतः जा आणि बोल, मी सांगण्यात आणि तू सांगण्यात फरक आहे. दरवाजात बसला होता, समोर ताट तसंच. त्याची बायको आतून ऐकत होती. तो म्हणाला, "जातो. पर ते इचारतील काहून काढलं. काय सांगू? खुळा हाय म्हणून?"

"खरं सांग."

"ते सांगायचं न्हाई असा शब्द हाय."

"ज्याला शब्द दिला तो मेला."

"म्हणून तर." तो म्हणाला. "जित्ता असता तर जाऊन इचारलं असतं, सोडता का म्हणून. सपनात येतात आक्का ते माझ्या. गाडीखाली आडवे असतात. मी म्हणतो, बाबा, सरका, मी करतो, तर बोलत न्हाईत. त्यांनी एकदा व्हय म्हणलं ना, मी आत्ता पळत जाऊन सांगीन. नोकरी गेली तर गेली."

आतून बायको म्हणाली, "गेली तर गेली म्हणायला सोपं हाय. पोरीची फी तुमचे बाबा भरतील का सपनातून?"

मी तिथून उठले. रस्त्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. तुम्ही त्याच्या स्वप्नात येता. माझ्या तर एकदाही आले नाहीत.

आणि काल भाईंची बायको माझ्या घरी आली. मी चहा टाकला, तर ती नको म्हणाली. ओट्याला टेकून उभी राहिली, बुरखा पण काढला नाही. म्हणाली, "दीदी, मैं झगडा करने को नै आई. इनों पूछ रै, बस. बोलते, दीदीनेच बोले थे ढक्कन को हात नको लगाव. मैंने नै लगाया. फिर पानी किदर गया, दीदी? दो दिन से छत कू देख के येच पूछ रै."

मी म्हटलं, "भाभी, त्यांची चूक नाही."

"वो मेरेकू मालूम. तुमकू बी मालूम दिखता." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "मैं ये पूछरी, के साब कू मालूम होने का क्या नै."

मी म्हटलं, होईल. ती म्हणाली, "कब?" मी कप पुसायला घेतले. ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "तुमारे अब्बा का नाम इनों अबी बी लेते. बचपन में इनकू गाडी पे बिठाके गाव घुमाए थे. बोलते, फौजी चाचा की बेटी है, गलत नै करेगी." आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. गॅसवर चहा उतू गेला, मी तो पुसला पण नाही.

आता माझं ऐका. माझ्या लग्नात तुम्ही मला काय दिलं होतं, आठवतं? सगळ्यांनी भांडी दिली. तुम्ही जुन्या टॉवेलात गुंडाळून पान्यांचा सेट दिला, तुमचा स्वतःचा, फौजेतला, आणि कुणाला काही न बोलता मंडपाच्या कडेला जाऊन उभे राहिले. सासरचे हसले. सासू म्हणाली, "सुनेला हातोडा न्हाई दिला का?" मी त्या टॉवेलात तोंड घालून रडले होते, लाजेनं नाही, तुम्ही मला ओळखलं म्हणून. त्या पान्यांवर मी घर चालवलं. पण बघा, हाताला तुम्ही पाने दिले आणि कानाला एक शब्द नाही. तोटी कशी खोलायची ते मला कळावं, काहून खोलायची ते कळू नये. पोराला कारण सांगून शब्दात बांधलं आणि त्याच्या हातात विचारायची हिंमत दिली नाही. दोघांना अर्धं अर्धं वाटून दिलं तुम्ही, भाकरी तोडावी तसं. माझ्याकडं अक्कल आली आणि त्याच्याकडं भीती, आणि मधल्या मध्ये भाईंचा खुबा मोडला.

तुम्ही सगळेच चुकले असं म्हणायला गेले तर तेही मला म्हणता येत नाही, हीच तर तकलीफ आहे. बुधवारी दुपारी मी उरलेल्या दोन गाड्यांत कूलंट भरून तोट्या बंद केल्या. काल सकाळी त्या गाड्या उठल्या, पण कशा? कण्हत, धूर सोडत, चार-पाच सेल्फला. आधीचे पंधरा दिवस त्या एका सेल्फला उठत होत्या ते माझ्या हीटर प्लगांनी आणि बॅटऱ्यांनी उठत नव्हत्या. त्या त्याच्या गरम पाण्यानं उठत होत्या. कौतुक माझं होत होतं आणि चुलीवर डबे तो चढवत होता, एक शब्द न बोलता. म्हणजे सकाळचं गरम पाणी खरं होतं तुमचं. थंड लोखंडाला ऊब दिली की ते उठतं, हे तुम्हाला माहीत होतं. संध्याकाळी सांडायचं तेवढं खोटं, इथल्यासाठी खोटं. तुम्हाला हे माहीत होतं का? मला हे नक्की पाहिजे. तुम्ही एवढे शहाणे ड्रायव्हर, तुम्हाला कळत नव्हतं का, की पूर्णेच्या काठाला पाणी गोठत नाही? का कळत होतं, आणि तरी तुम्ही रोज संध्याकाळी त्या एका रात्रीचं पाणी काढत होते? मला वाटतं कळत होतं. म्हणूनच मी विचारलं तेव्हा तुमचा हात उठला. ज्याला उत्तर येत नाही तो चिडतो, पण तुम्ही ज्या रीतीनं चिडले ते उत्तर येणाऱ्या माणसाचं चिडणं होतं.

मी काय करणार आहे ते सांगते, म्हणजे नंतर म्हणू नका की लेकीनं मागं बोलून घात केला. सोमवारी सकाळी मालक येतील. भाऊ स्वतः पुढं होऊन बोलला तर ठीक, मी त्याच्या शेजारी उभी राहीन आणि म्हणेन, तोट्या यानं उघडल्या, पण झाकण उघडू नका असं सांगून ड्रायव्हरचे डोळे मी बांधले होते, दोघांना काय ते करा. तो नाही बोलला तर मी त्याचं नाव सांगणार. आणि काहून काढलं असं विचारलं तर लेहचं पण सांगणार, सगळं, त्या तापानं फणफणलेल्या माणसासकट. तुमचा शब्द मोडणार. मी तो दिलेला नाही, त्यामुळं मोडायला मला काही वाटणार नाही, असं मी भावाला म्हणाले. वाटणार आहे, पण ते त्याला कशाला सांगू. लोक हसतील तुम्हाला, का रडतील, मला माहीत नाही. टपरीवरचा म्हातारा केव्हाच गेला, नाहीतर त्याला पहिलं सांगितलं असतं.

पण मला हे असं करायचं नाही बाबा. मला तो स्वतः उठून जायला पाहिजे. माझ्या तोंडून नाव निघालं तर भाईंचं वाचेल, पण माझा भाऊ आयुष्यभर त्या गाडीखाली आडवाच राहील, आणि वरून तुमच्या लेकीनं तुम्हाला उघडं पाडलं हे ओझं घेऊन राहील. एक व्हय तुमचं पाहिजे फक्त. त्याच्या स्वप्नात तुम्ही येताच, तर या आणि तोंड उघडा. वरच्या थंडीतलं तुमचं तुमच्यापाशी ठेवा, त्याला म्हणा, सोडलं. नसेल त्याच्याकडं बोलता येत, तर माझ्याकडं या. मी त्याला जागं करून सांगेन, आणि माझ्यावर त्याचा विश्वास बसेल असं काहीतरी खूण म्हणून सांगा, तुमचं तुम्हालाच माहीत असेल असं. चापट मारली तरी चालेल.

हे कागद मी कुठल्या टपालात टाकणार नाही हे तुम्हाला पण माहीत आहे. तरी एक गोष्ट लिहून ठेवते. मॅनेजरला नाव शुक्रवारीच पाहिजे होतं, म्हणजे आजच. मीच त्याला म्हणाले, इंजिन खोलून बघायला वेळ लागतो, सोमवारपर्यंत थांबा. इंजिन मी मंगळवारीच खोललंय, त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. ही मुदत मी तुमच्यासाठी मागितली. तुम्हाला विचार करायला वेळ लागतो म्हणून. तेव्हा आता गप्प बसू नका. सोमवारी गोदामाचं शटर वर जायच्या आत मला उत्तर पाहिजे.